चार किलोंची तफावत

खारूला ‘नाही’ म्हणायची वेळ आली की तिच्या बाबांच्या, म्हणजे निरीक्षकांच्या तोंडून ‘नाही’ सोडून बाकी सगळं बाहेर पडायचं. टीव्ही फार तापलाय, त्याला आता झोपू दे. बाग सहाला बंद होते, कारण घसरगुंडीलाही जेवायचं असतं. बिस्किटांच्या डब्याचं झाकण फक्त रविवारी उघडतं. खारूचं वय साडेपाच. ती हे सगळं गंभीरपणे ऐकून घ्यायची आणि टीव्हीवरून एकदा हात फिरवून झोपायला जायची. रडारड नाही, आदळआपट नाही. निरीक्षकांना वाटायचं, आपल्याला मुलं वाढवण्याची कला जमली.

त्यांच्या बायकोला तसं वाटत नव्हतं. “सरळ नाही म्हण ना,” ती म्हणायची.

“रडते ती.”

“रडू दे की. रडणं म्हणजे काही आजार नाही.”

हे बोलणं सोपं होतं. बायकोने खारूचा खालचा ओठ पुढे येताना शांतपणे पाहिला होता आणि तरीही ती भाजी चिरत राहिली होती. निरीक्षकांना तो ओठ दिसला की तोंडून टीव्ही, घसरगुंडी, काहीही निघायचं.

खरी गंमत अशी, की हा माणूस ‘नाही’ म्हणण्याचाच पगार घेत होता. ते वजनमाप कार्यालयात निरीक्षक होते. दुकानादुकानांतून काटे, तराजू आणि मापं तपासायची, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर दुकानदाराच्या तोंडावर नाही म्हणायचं. दंडाच्या बेटकुळ्या दाखवत उभ्या असलेल्या लोखंडवाल्याला त्यांनी वीस ग्रॅमच्या फरकासाठी तीनदा नाही म्हटलं होतं. एका दूधवाल्याने डोळ्यांत पाणी आणून दाखवलं, तर त्याच्या मापाला पडलेला पोचा त्यांनी शांतपणे मोजून वहीत लिहिला. कार्यालयात त्यांचा लौकिक असा होता, की हा मनुष्य स्वतःच्या सासऱ्याचाही काटा नापास करील. सासऱ्यांकडे काटा नव्हता म्हणून हे सिद्ध व्हायचं राहून गेलं.

आता मशीनकडे येऊ. पाळणाघरातून खारूला घेऊन घरी येताना कोपऱ्यावर औषधांचं दुकान लागायचं. दुकानाच्या दाराशी माणसाचं वजन करणारं एक जुनं मशीन उभं होतं. उंच, काचेचं पोट, आत लाल-हिरवे दिवे आणि गोल फिरणारी रंगीत चकती. वर उभं राहून नाणं टाकलं की चकती थांबायची, खालून खटकन एक तिकीट पडायचं. तिकिटाच्या एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला पक्षी. खारू हे पक्षी गोळा करून बुटांच्या रिकाम्या खोक्यात साठवायची, आणि याच साठवण्याच्या सवयीमुळे तिला खारू हे नाव पडलं होतं. सुतार आणि खंड्या तिच्याकडे दोन-दोन होते. घुबड अजून आलं नव्हतं.

प्रकरण दोन मिनिटांत संपण्यासारखं असतं तर ही गोष्टच घडली नसती. खारू एकदा उभी राहायची आणि बहुतेक सुतारच यायचा. मग बाबांनी उभं राहायचं. मग दोघांनी मिळून. मग एका पायावर उभं राहिलं तर वजन निम्मं होतं का, हे बघायचं. त्यात चकतीला थांबायची मुळीच घाई नसायची. मागे वजन करायला आलेली माणसं घसा खाकरायला लागायची, तरी खारूचे प्रयोग चालूच.

त्या सोमवारी निरीक्षकांनी दिवसभर धान्याच्या गोदामात उभं राहून दोनशे पोती तपासली होती. नवा बूट टाचेला चावत होता. पिशवीचा बंद तुटल्यामुळे ती बगलेत धरली होती. अशा स्थितीत कोपरा आला आणि खारूने बोट सोडलं.

“बाबा, मशीन.”

या जागी ‘आज नाही’ एवढे दोन शब्द पुरले असते. निरीक्षक म्हणाले, “मशीन बिघडलंय.”

“दिवे तर लागलेत.”

सराईत थापाड्या इथे थांबला असता. पण निरीक्षक पडले कामाला चोख. मोघम विधान करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दिवे लागतात पण वजन चुकतं, असं त्यांनी सांगितलं. किती चुकतं, असं खारूने विचारलं. चार किलो, असं त्यांनी ताबडतोब उत्तर दिलं. जास्त की कमी, या प्रश्नालाही त्यांच्याकडे उत्तर तयार होतं.

“कमी दाखवतं. आणि त्यावर शिक्का मारला जात नाही तोवर कुणी उभं राहायचं नसतं.”

“तुला कसं कळलं?”

“मी निरीक्षक आहे ना.”

खारूने मशीनकडे मोठ्या कणवेने पाहिलं, त्याच्या काचेला हात लावून “बरं हो” म्हणाली आणि मुकाट्याने चालू लागली. सात मिनिटांत घर. निरीक्षकांनी बूट काढून पाय पाण्यात सोडले आणि स्वतःवर खूश होऊन चहा प्यायले. बायकोला त्यांनी ही हकीकत कौतुकाने ऐकवली. ती म्हणाली, “अंगाशी येईल.” बायका असं म्हणतातच, असं त्यांनी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणायची त्यांची पद्धत नव्हती.

दुसऱ्याच दिवशी ते अंगाशी यायला निघालं.

समोरच्या काकूंनी गेले तीन महिने चहातली साखर सोडली होती. रोज सकाळी मैदानाला पाच फेऱ्या, जेवणानंतर काही गोड म्हणून नाही, आणि दर मंगळवारी औषधवाल्यांच्या मशीनवर वजन. तीन महिन्यांत बरोबर चार किलो उतरले होते. ही बातमी काकूंनी तिन्ही मजल्यांवर स्वतः जाऊन दिली होती. त्या मंगळवारीही काकू चपला घालून निघाल्या आणि जिन्यात खारू भेटली.

“काकू, तुम्ही बारीक नाही झालात,” खारू म्हणाली. “मशीन चार किलो कमी दाखवतं. बाबांनी तपासलंय.”

काकूंना हे नुसतं खारूने सांगितलं असतं तर त्यांनी हसण्यावारी नेलं असतं. पण मागे वजनमाप खातं उभं होतं. कपडे सैल झालेत हे स्वतःच्या डोळ्यांना दिसत असूनही काकूंनी खात्यावर विश्वास ठेवला. घरात परत जाऊन त्यांनी चहा टाकला आणि त्यात तीन चमचे साखर घातली. मग त्या दारातच बसून राहिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळलं, की कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने इतके दिवस सगळ्यांनाच फसवलं.

तळमजल्यावर अर्जवाले अण्णा राहायचे. निवृत्त झाल्यावर कुणी बागकाम करतं, कुणी पत्ते खेळतं; अण्णा अर्ज करायचे. रस्त्यावरचा दिवा उशिरा लागतो म्हणून अर्ज, तोच दिवा लवकर लागला म्हणून अर्ज, पत्रपेटीचा रंग उडाला म्हणून अर्ज. गेले दोन आठवडे त्यांना विषय सापडत नव्हता आणि त्यांची तब्येत उतरली होती. काकूंची कहाणी ऐकताच त्यांच्या चेहऱ्यावर तजेला आला. तरी माणूस पद्धतशीर. संध्याकाळी त्यांनी निरीक्षकांना फाटकातच गाठून विचारलं, की त्या मशीनमध्ये काही दोष असल्याचं आपल्या पाहण्यात आलं आहे का.

सगळं इथेच मिटलं असतं. पण निरीक्षकांचं बोट धरून खारू उभी होती आणि मान वर करून त्यांच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत असं काही होतं, जणू जगातले सगळे काटे आपल्या बापाला घाबरतात. असं बघणारं माणूस निरीक्षकांना कार्यालयात कधी भेटलं नव्हतं.

“तसं म्हणजे… जरा बघायला हवं,” ते म्हणाले.

अण्णांना एवढं पुष्कळ होतं. गुरुवारी दुपारी साहेबांनी निरीक्षकांना आत बोलावून एक कागद पुढे सरकवला. सात मुद्दे, दोन उपमुद्दे, खाली अण्णांची वळणदार सही. तिसरा मुद्दा साहेबांनी लाल पेन्सिलीने अधोरेखित केला होता: ‘एका जबाबदार अधिकाऱ्याने जागेवर पाहणी करून चार किलोंची तफावत आढळल्याचे सांगितले असे खात्रीलायकरीत्या समजते.’

हा जबाबदार अधिकारी कोण, असं साहेबांनी विचारलं. पाहणी केली तर नोंद कुठे आहे, आणि नोंद नाही तर पाहणी कशी, असंही विचारलं. निरीक्षकांनी घशातल्या घशात काहीतरी उत्तर दिलं. ते साहेबांना ऐकू आलं नाही आणि त्यांनी पुन्हा विचारलंही नाही. तो भाग तुमच्याच घराजवळ आहे, तेव्हा तपासणी तुम्हीच करा आणि त्या जबाबदार अधिकाऱ्याचा छडाही तुम्हीच लावा, असा शेरा मारून कागद त्यांच्याच हातात दिला. स्वतःचा छडा लावण्याचं काम निरीक्षकांना नोकरीत पहिल्यांदाच मिळत होतं.

उद्याच जाऊन दहा मिनिटांत प्रकरण संपवू, असं त्यांनी ठरवलं. पण माणसाचा काटा तपासायला वीस-वीस किलोंची प्रमाणित वजनं लागतात, आणि कपाट उघडल्यावर दिसलं, की त्या वजनांच्याच प्रमाणपत्राची मुदत परवा संपली होती. म्हणजे दुसऱ्यांचं वजन तपासणाऱ्या वजनांचं वजन आधी प्रयोगशाळेत तपासून आणायला हवं. प्रयोगशाळेचा माणूस रजेवर होता. त्याच्या जागी आलेल्या माणसाकडे कपाटाची किल्ली नव्हती. आठ दिवस गेले.

त्या आठ दिवसांत औषधवाल्यांनी मशीनवर पांढरी चादर घातली आणि ‘तपासणीसाठी बंद’ अशी पाटी लावली. निरीक्षकांना पहिले दोन दिवस तर हायसं वाटलं. मशीन बंद आहे, असं आता बिनदिक्कत सांगता येत होतं आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. खारू रोज चादरीवरून हात फिरवायची आणि सांगायची, “घाबरू नकोस, बाबा तुला बरं करणार आहे.” पाळणाघरात ‘माझे बाबा काय करतात’ या विषयावर तिने उभं राहून सांगितलं, की माझे बाबा खोटं बोलणारी मशीनं पकडतात. बाईंनी हे निरीक्षकांना मुद्दाम थांबवून सांगितलं. ते घरी गेले आणि चहा नको म्हणाले.

तिसऱ्या दिवशी औषधवाले स्वतः दुकानाबाहेर येऊन भेटले. बारीक चणीचा, हळू बोलणारा माणूस. मशीन त्यांच्या वडिलांनी बसवलेलं होतं आणि ते रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी त्याची काच पुसायचे. ते तक्रार करत नव्हते. फक्त एवढंच म्हणत होते, की हे कुणी उठवलं ते तुमच्या कानावर आलं तर सांगा. काल एक गिऱ्हाईक खोकल्याची बाटली उजेडात धरून विचारत होतं, यात तरी औषध पुरतं आहे ना. हे सांगताना ते हसले. निरीक्षकही हसले, आणि त्यांना त्या हसण्याची नंतर दोन दिवस लाज वाटली.

कार्यालयात आवक-जावक बघणाऱ्या कारकुनाला त्यांनी शेवटी विश्वासात घेतलं. कारकून अनुभवी. त्याने चहाचा घोट घेत सांगितलं, की त्या जुन्या मशीनच्या पाठीला एक स्क्रू असतो. तो पाव फेरा फिरवला की काटा चार किलोंनी खाली. मग तपासणी करा, चार किलो फरक लिहा, स्क्रू परत फिरवा, शिक्का मारा. तुम्ही खरे, अर्ज खरा, साहेब खूश आणि मशीन बरं. निरीक्षक त्याच्यावर खेकसले. खेकसले कारण त्यांनाही तो स्क्रू ठाऊक होता आणि गेले चार दिवस तो त्यांच्या डोक्यात फिरत होता.

तपासणी सकाळी अकराला ठेवली होती, म्हणजे खारू पाळणाघरात असताना उरकून जाईल. पण कार्यालयाची गाडी साहेबांच्या कामाला गेली होती. ती आली तर ड्रायव्हर जेवायला गेला. तो आला तर चाक बसलं होतं. शेवटी वजनांसकट ते कोपऱ्यावर पोचले तेव्हा साडेपाच वाजले होते. दुकानापुढे अण्णा अर्जाची प्रत घेऊन हजर होते. आठ-दहा माणसं नुसतीच उभी होती. निरीक्षकांना आज उशीर होणार म्हणून पाळणाघरातून खारूला आणण्याचं काम काकूंनी आपणहून अंगावर घेतलं होतं, आणि त्या तिला घेऊन थेट तिथेच आल्या होत्या. खारू सर्वांत पुढे उभी होती.

औषधवाल्यांनी चादर काढून नीट घडी घातली. निरीक्षकांनी मशीनच्या मागे जाऊन पाहिलं. स्क्रू होता. त्याच्यावर जुन्या तपासणीचा शिक्का तसाच होता, कुणी हात लावलेला नव्हता. स्क्रू फिरवायचा पाना त्यांच्या खिशात होता. त्यांनी खिशात हात घातला, पाना बोटांना गार लागला. मग हात बाहेर काढून त्यांनी ड्रायव्हरला वजनं लावायला सांगितलं.

वीस ठेवले, काटा विसावर. चाळीस, चाळीसवर. साठ, साठवर. ऐंशी ठेवल्यावर चकती नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ फिरली. अण्णांनी मान पुढे केली. चकती ऐंशीवर थांबली आणि खालून खटकन तिकीट पडलं. निरीक्षकांच्या सगळ्या नोकरीत इतका सच्चा काटा त्यांनी दोनदाच पाहिला असेल.

मग खारू म्हणाली, “बाबा, मग चार किलो कुठे गेले?”

अण्णांनाच उत्तर सुचलं. आपला अर्ज वाया जाऊ नये अशी त्यांची साहजिक इच्छा होती. “म्हणजे तुम्ही मघाशी मागे जाऊन दुरुस्त केलंत तर,” ते म्हणाले. माणसांत एकदम हालचाल झाली. दोघांनी ‘वा’ म्हटलं. ड्रायव्हरही कौतुकाने बघायला लागला. खारूचा चेहरा उजळला.

“केलंस तू त्याला बरं?”

नुसती मान हलवायची होती. निरीक्षकांची मान थोडी हललीही असेल. पण समोर औषधवाले हातात चादरीची घडी धरून उभे होते आणि मशीन ‘दुरुस्त झालं’ म्हटल्यावर त्यांच्या वडिलांचा काटा कायमचा खोटा ठरणार होता. आणि खारू बघत होती. मान हलवली तर ती हेही खोक्यात जपून ठेवणार, हे त्यांना माहीत होतं.

ते खाली उकिडवे बसले, तिच्या उंचीला आले.

“नाही,” ते म्हणाले. “मशीन कधीच बिघडलं नव्हतं. त्या दिवशी मला कंटाळा आला होता. पाय दुखत होते. तुला नाही म्हटलं असतं तर तू रडली असतीस, म्हणून मी खोटं बोललो.”

हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं. तरी जबाबदार अधिकाऱ्याचा छडा लागल्याचं सगळ्यांना ऐकू गेलं. अण्णांनी अर्जाची घडी केली. औषधवाले आत गेले, पाण्याचा पेला घेऊन आले आणि तो निरीक्षकांच्या हातात दिला. त्या पेल्याने त्यांना जेवढं मेल्याहून मेल्यासारखं झालं तेवढं शिव्यांनी झालं नसतं. आनंद झाला तो एकट्या काकूंना. त्यांचे चार किलो पुन्हा उतरले होते. त्या तिथल्या तिथे मशीनवर चढल्या. आठ दिवसांच्या साखरेमुळे त्यातला एक परत चढला होता, पण त्याचा दोष त्यांनी मोठ्या मनाने निरीक्षकांना दिला.

कार्यालयात खुलासा द्यावा लागला. ‘सदर विधान कार्यालयीन कामकाजाच्या ओघात केलेले नसून कौटुंबिक स्वरूपाचे होते व ते करतेवेळी बूट चावत होता’ हे वाक्य लिहायला निरीक्षकांना एक अख्खी दुपार लागली. साहेबांनी ‘बूट’ शब्दाभोवती लाल गोल काढून कागद परत पाठवला. ‘पादत्राण’ करून पुन्हा द्यावा लागला.

पण हे सगळं सोसण्यासारखं होतं. सोसवत नव्हतं ते खारूचं वागणं. ती रडली नाही. त्या संध्याकाळी घरी येऊन तिने पक्ष्यांचं खोकं मांडीवर घेतलं आणि एकेक विचारायला सुरुवात केली. टीव्ही खरंच झोपतो का? नाही. घसरगुंडी जेवते का? नाही. बिस्किटांचा डबा? रोज उघडतो. प्रत्येक ‘नाही’नंतर ती थोडी थांबायची, पुढचं आठवायची. निरीक्षक समोर बसून उत्तरं देत होते आणि त्यांना वाटत होतं, आपण एवढ्या थापा मारल्या? इतक्या वर्षांत एकाही दुकानात इतका खोटा माल एका जागी सापडला नव्हता. बायको दारात उभी होती. तिने ‘मी म्हटलं नव्हतं’ असं म्हटलं नाही, हे तिचे मोठे उपकार.

मग खारूने विचारलं, “आणि मी तुला सगळ्यात जास्त आवडते, ते?”

“ते खरं.”

“कशावरून?”

त्यांच्या कपाटात एक ग्रॅमपासून वीस किलोंपर्यंत सगळी प्रमाणित वजनं होती. या एका गोष्टीवर ठेवायला त्यातलं एकही चालत नव्हतं. त्यांना जन्मात इतकं वाईट वाटलं नव्हतं.

“बघशील तू,” ते एवढंच म्हणाले. “यापुढे बघ.”

त्या दिवसापासून त्यांची तपासणी सुरू झाली. काहीही सांगितलं की प्रश्न ठरलेला: “खरं, की मशीनसारखं?” दात घासले नाहीत तर किडतात. खरं, की मशीनसारखं? आज पाळणाघर आहे. खरं, की मशीनसारखं? एकदा साहेब सहकुटुंब चहाला आले. निरीक्षक म्हणाले, तुम्ही आलात, फार आनंद झाला. कोपऱ्यातून प्रश्न आला. साहेब उत्तराची वाट बघत राहिले.

शेजाऱ्यांचे सल्ले येतच होते. लहान मुलांशी असं खरं-खरं बोलून चालत नाही, असं काकूंचं मत. अण्णांचं म्हणणं, मुलांना पोलिसाचा धाक पुरेसा असतो. निरीक्षक ऐकून घेत होते आणि घरी जाऊन नाही म्हणायचा सराव करत होते. नाही, कारण बिस्किटं जास्त झाली. नाही, कारण मला आता पेपर वाचायचाय. पहिल्यांदा खारू पंचवीस मिनिटं रडली आणि निरीक्षक पेपर उलटा धरून बसून राहिले. दुसऱ्यांदा सतरा मिनिटं. छत कोसळलं नाही. आत बायको भाजी चिरत होती.

असाच महिना गेला. मग एका संध्याकाळी पुन्हा तोच कोपरा, पुन्हा दिवसभराची पोती, आणि कोपऱ्यावर दिवे लावून उभं असलेलं मशीन.

“बाबा, मशीन.”

“आज नाही.”

“का?”

“मला कंटाळा आलाय. उद्या थांबू.”

खालचा ओठ पुढे आला. निरीक्षक जागचे हलले नाहीत. खारूने दोन्ही हातांनी मशीनचा खांब धरला आणि भोकाड पसरलं. घुबड आजच येणार होतं, असं त्या रडण्यातून अधूनमधून कळत होतं. माणसं थांबली. काकू फेऱ्या मारून परत येत होत्या, त्या वाकून म्हणाल्या, “अगं, मशीन झोपलंय बाळ, त्याला उठवायचं नाही.” अण्णा पत्रपेटीपाशी होते, ते तिथूनच म्हणाले, की चला लवकर, पोलीस येतोय. कुणा अनोळखी बाईंनी पक्षी उडून गेल्याचं सांगितलं. निरीक्षकांचे कान तापले होते, पिशवी बगलेतून घसरत होती. दारात येऊन औषधवाले बघत होते.

खारूने रडणं मध्येच थांबवलं. नाक बाहीला पुसलं आणि सगळ्यांकडे एकदा आळीपाळीने पाहिलं.

“मशीन चांगलं आहे,” ती हुंदका देत म्हणाली. “झोपलेलं नाही. आमच्या बाबालाच कंटाळा आलाय.”

मग राहिलेलं रडणं तिने पुन्हा सुरू केलं. पण खांब सोडला आणि हात वर केले. निरीक्षकांनी तिला उचलून घेतलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि एवढ्या माणसांत कंटाळलेला बाप म्हणून जाहीर होऊन त्यांना नोकरीत कधी मिळाला नव्हता इतका मान मिळाल्यासारखं वाटलं. घरापर्यंत ती त्यांच्या खांद्यावर रडत राहिली, अकरा मिनिटं. पाय दुखत होते, पिशवी पडत होती आणि खारू मागच्या महिन्यापेक्षा चांगलीच जड झाली होती. निरीक्षकांनी तिला खाली उतरवलं नाही.